माहेरचं रक्त

“थांब! तू नको लावू हात तिले!”

गयाबाईंचा आवाज असा कडाडला, की मरोद्याच्या त्या क्वार्टरमधल्या पुढच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या बायकांची गाणी एकदम थांबली... हिराच्या हातातलं तबक हललं, त्यातला नारळ कलंडून तांदळात रुतला, आणि हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून पाटावर बसलेल्या दिपालीनं दचकून आईकडे पाहिलं. दिपाली ही हिराची धाकटी नणंद. सातवा महिना लागला म्हणून तिला दुर्गहून माहेरी आणलं होतं, आज तिचं डोहाळजेवण होतं. शेजारपाजारच्या सगळ्या सवाष्णींनी तिची ओटी भरून झाली होती. राहिली होती ती एकटी घरची सून.

“आत्याबाई, मी वहिनी होय तिची...” हिरा कशीबशी म्हणाली.

“वहिनी! जिनं आपल्या पोटचं आपल्या मर्जीनं पाडलं, तिच्या हातची ओटी माझ्या लेकीले नाही चालत. तू जा आत. पुऱ्या तळायच्या पडल्या आहेत अजून.”

खुर्च्या उचलून दारात उभ्या असलेल्या नरेशकडे, आपल्या नवऱ्याकडे, हिरानं एकदाच पाहिलं. एकच शब्द! एकच शब्द त्यानं उच्चारला असता, तर इतक्या वर्षांचा हा कलंक त्या भरल्या घरात, त्या सगळ्या बायकांसमोर धुऊन निघाला असता... पण नरेशनं मान खाली घातली आणि खुर्च्या घेऊन तो अंगणात निघून गेला. पोलादाच्या प्लँटमध्ये भट्टीच्या तोंडाशी न डगमगता उभा राहणारा हा माणूस आपल्या आईसमोर मात्र कायम असाच नजर चुकवत आला होता.

हिरा स्वयंपाकघरात गेली. चार पावलांतच तिला धाप लागली. ओट्याला टेकून ती उभी राहिली आणि छातीतली ती ओळखीची धडधड शांत होण्याची वाट पाहू लागली. डोळ्यांत पाणी आलं नाही. ते केव्हाच आटलं होतं.

गयाबाई तिची नुसती सासू नव्हती, सख्खी आत्या होती! हिराचे वडील पंजाबराव हे गयाबाईंच्या पाठचे भाऊ. गोंदियाच्या अलीकडे सालेकशाजवळ रेल्वेत गँगमन होते. हिराची आई साप चावून गेली, तेव्हा हिरा परकरात होती. आणि पुढे काही वर्षांनी, रुळाच्या कडेनं चालता चालता पंजाबरावांना धाप लागली, ते गिट्टीच्या खडीवर बसले ते उठलेच नाहीत. लोक म्हणाले, हार्ट फेल झालं. भावाच्या मढ्यावर पडून हंबरडा फोडणाऱ्या गयाबाईंनी तिथंच हिराला पोटाशी धरलं होतं. “माझ्या भावाची लेक मी परक्या घरी जाऊ देणार नाही! माझ्या नरेशची बायको करून नेतो मी तिले,” असं त्या साऱ्या भावकीसमोर बोलल्या होत्या आणि बोललेलं त्यांनी खरं केलं होतं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष... किती माया होती तेव्हा! आपल्या ताटातला घास काढून त्या तिला भरवायच्या. तिच्या कपाळाची ठेवण भावासारखी म्हणून तिचं तोंड कुरवाळायच्या.

मग हिराचा श्वास कमी पडू लागला.

आधी पाण्याची बादली उचलताना, मग गच्चीवर कपडे वाळत घालताना, मग साधी कणीक तिंबतानासुद्धा. डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, पाय सुजायचे. “उमर काय तुझी, अन् म्हातारीवानी धापा कावून टाकून राहिली?” गयाबाई आधी काळजीनं म्हणायच्या, मग चिडून म्हणू लागल्या, आणि मग त्याच तोंडानं शेजारणींना सांगू लागल्या, “कामाचं नाव काढलं का हिचा दम निघते!” कुणा डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, कुणी दमा म्हणून तोंडात ओढायची पिचकारी दिली, आणि एकानं तर हसत हसत हिंदीत सांगितलं, बच्चा हो जाएगा तो सब टेन्शन चला जाएगा. मूल होत नव्हतं, म्हणून गयाबाईंनी डोंगरगडच्या बमलेश्वरीला नवस बोलला आणि सुनेला पायऱ्या चढायला लावल्या. रोपवे होता, पण नवस पायांनीच फेडायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. अर्ध्या वाटेवर हिरा कोसळली. ओठ निळे, डोळे पांढरे. लोक गोळा झाले. कुणीतरी म्हणालं, पाप असेल काही, देवी वर येऊ देत नाही...

त्यानंतर नरेशनं तिला रायपूरच्या एका हृदयरोगाच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टर हर्षा अशाच एका धाप लागणाऱ्या रोगावर संशोधन करत होत्या. त्या मूळच्या राजनांदगावच्या, घरी मराठी बोलणाऱ्या. त्यांनी हिराच्या छातीवर यंत्राचं थंड टोक फिरवलं, मानेच्या शिरेतून बारीक नळी थेट काळजापर्यंत नेऊन आतला दाब मोजला, आणि मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसून सांगितलं, “हिराताई, तुमचं नाटक नाही, आळस नाही. हृदयाकडून फुफ्फुसाकडे रक्त नेणाऱ्या ज्या नळ्या असतात ना, त्या आतून जाड होऊन अरुंद झाल्यात. त्यांच्यातून रक्त ढकलता ढकलता तुमच्या हृदयाची उजवी बाजू दमून गेलीय.”

तुमचं नाटक नाही! त्या वाक्यासरशी हिरा हमसून हमसून रडली होती. कुणीतरी, या जगात कुणीतरी, तिच्या श्वासावर विश्वास ठेवला होता!

पण त्याच दिवशी दुसरंही कळलं. ज्या लेकरासाठी देवीच्या पायऱ्या चढायला लावलं, ते लेकरू आधीच तिच्या पोटात होतं. दुसरा महिना. “हे बाळंतपण तुमचं हृदय सोसू शकणार नाही,” डॉक्टर हर्षा म्हणाल्या होत्या, “बहुतेक दोघंही हातची जातील.” हिरा म्हणाली होती, मी मेली तरी चालेल, मले पाहू द्या एकदा त्याचं तोंड... आणि नरेशनं, तिच्या नरेशनं, तिचे दोन्ही हात धरून लहान पोरासारखं रडत म्हटलं होतं, “मले तू पायजे हिरा. मी हो म्हणून आलो डॉक्टरीणले.” त्या एका वाक्यावर ती जन्मभर जगली असती! पण घरी येताना गाडीत तो हळूच म्हणाला, “मायले नको सांगू मी हो म्हटलं ते. तिनं नवस केला होता... ती माझं तोंड नाही पाहणार. तूच सांग, का तुले नको होतं म्हणून.”

आणि हिरानं तसंच सांगितलं. रोग काय आहे तेही तिनं सांगून पाहिलं. पण गयाबाईंच्या कानात फक्त एवढंच शिरलं, की सुनेनं वंशाचा दिवा आपल्या हातानं विझवला. “माझ्या भावाची लेक नाही तू,” त्या म्हणाल्या होत्या, “तू तुझ्या मायची लेक! तिच्या घरचंच रक्त सडकं!”

पुढे डॉक्टर हर्षांनी हिराला आपल्या अभ्यासात घेतलं. नेहमीची औषधं सगळ्यांनाच मिळत. त्यावर एक नवी गोळी, निम्म्या रोग्यांना खरी, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी. कुणाला कुठली, हे रोग्यालाही ठाऊक नसे आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसे. सगळं समजावून घेऊन हिरानं होकार दिला होता. हा रोग कधीकधी रक्ताच्या नात्यातून उतरतो, म्हणून डॉक्टरांना तिच्या नातलगांचं रक्तही तपासायचं होतं. आई नाही, वडील नाहीत. उरली होती ती आत्या. गयाबाईंनी साफ धुडकावून लावलं. “माझं रक्त कावून देऊ मी? रोग तिच्या मायकडचा. माझ्या माहेराले बट्टा लावता का?”

“वहिनी...”

मागून कुजबुजल्यासारखी हाक आली. हिरा दचकून वळली. दिपाली ओट्याशी येऊन उभी होती. फुलांची वेणी एका खांद्यावर घसरली होती. “मायचं मनाला लावून नका घेऊ. मला पानी द्या ना... चक्कर येऊन राहिली.”

हिरानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. दिपालीच्या ओठांना निळसर छटा होती. गळ्याशी शीर टरारून उडत होती. पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत येण्यानंच ती धापा टाकत होती, अगदी तशीच धाप, वर वर, तुटक, जशी हिरा स्वतः टाकत असे. “केव्हापासून वो असं होते तुले?”

“दुसऱ्या तिसऱ्या महिन्यापासून. सासू म्हनते, पहिलटकरणीला होतेच असं.”

हिराला राहवलं नाही. ज्या घरात आताच तिचा अपमान झाला, त्याच बायकांच्या घोळक्यात ती पुन्हा जाऊन उभी राहिली. “आत्याबाई, हिले रायपूरले न्या. उद्याच. हिच्या हार्टची सोनोग्राफी करा. मले जे आहे, थेच हिले आहे!”

गयाबाई उठल्या. त्यांनी तोंड उघडण्याआधीच त्यांचा हात उठला. साऱ्या बायकांसमोर हिराच्या गालावर पाच बोटं उमटली. “दुष्टे! आपली कूस उजाड केली, आता माझ्या लेकीच्या भरल्या ओटीवर डोळा? भरल्या घरात अशुभ बोलतं? जळो तुझी जीभ!”

हिरानं गालावर हातसुद्धा ठेवला नाही. ती फक्त दिपालीकडे पाहत राहिली. दिपालीला तिनं शाळेत असल्यापासून पाहिलं होतं, तिच्या वेण्या घातल्या होत्या, तिचं पहिलं लुगडं तिनं नेसवलं होतं...

दुसऱ्या दिवशीच दिपालीला सासरी पाठवून दिलं गेलं. हिरानं नरेशला विनवलं. “तुमची सख्खी बहीण आहे. तुमी तरी बोला.” नरेश बुटांच्या नाड्या बांधत म्हणाला, “दुर्गच्या डॉक्टरीणबाईनं रक्त कमी सांगितलं तिले. माय म्हणते तर असेल.” मलेही आधी रक्तच कमी सांगितलं होतं, हे हिराच्या ओठांवर आलं, पण नाड्या बांधून तो निघूनही गेला होता.

म्हणून ती एकटीच गेली. मरोद्याहून शेअर ऑटोनं, मग दुसऱ्या ऑटोनं, दुर्गच्या मोहन नगरात. दिपालीचं घर वरच्या मजल्यावर. एकेका पायरीवर थांबत, कठड्याला धरून, ती वर पोहोचली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. सुदैवानं दिपालीची सासू बाजारात गेली होती.

“तपासून घे, बाई. मी तुझ्या पाया पडतो,” हिरा म्हणाली.

दिपालीचे डोळे भरून आले. “वहिनी, मलाही भीती वाटते. रात्री आडवं झालं का गुदमरल्यासारखं होते. पन इथं कसं सांगू? सासू म्हनेल, बीमार पोरगी गळ्यात मारली. हेमराज चांगले आहेत, पन माँच्या पुढे ते बोलत नाहीत...”

“मग असं सांग, का वहिनीले दवाखान्यात सोबत पायजे. माझ्या नावानं चल. तुझं नाव नाही येणार कुठंच.”

“येईन,” दिपाली म्हणाली. पण ठरलेल्या दिवशी हिरा दुर्ग स्टेशनच्या फलाटावर थांबून राहिली आणि रायपूरची गाडी तिच्यासमोरून निघून गेली. दिपालीचा फोन आला, रडवा, घाईचा. “माय नाही म्हनाली, वहिनी. तिला कसं तरी कळलं. तिनं मला तिची शपथ घातली...”

पंधरवडाही गेला नसेल. एका दुपारी दिपालीच्या नवऱ्याचा, हेमराजचा, फोन आला. तो रेल्वेत तिकीट तपासनीस, बोलणं नेहमी मोजकं; त्या दिवशी मात्र त्याचा आवाज फाटला होता. “भाभी, दिपाली बेहोश झाली! न्हाणीघरात पडली. इथले डॉक्टर म्हणून राहिले, नस काही सापडत नाही... वो लंबी साँस ले रही है, भाभी!”

“दुर्गात थांबू नका,” हिरा ओरडली. ती कधी ओरडत नसे. “अँब्युलन्समध्ये ऑक्सिजन लावून सीधे रायपूर! मी डॉक्टर हर्षाले फोन करतो.” गयाबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. पदर तोंडात कोंबून त्या मटकन खाली बसल्या. हिरानंच त्यांना उठवून चपला घातल्या.

इस्पितळाच्या त्या लांब पांढऱ्या बोळात डॉक्टर हर्षा बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच हिराला सगळं कळलं.

“तोच रोग आहे. दाब फार वाढलाय,” त्या म्हणाल्या. मग थांबून त्यांनी विचारलं, “हिराताई, ही तुमची नणंद ना? मग सासरच्या माणसाला तुमचाच रोग कसा? तुमचं रक्ताचं काही नातं आहे का?”

“आमी मामेबहिणी-आतेबहिणी बी आहो, मॅडम. या,” तिनं गयाबाईंकडे हात केला, “या माझ्या वडिलांच्या सख्ख्या बहीण. ज्या आत्यानं रक्त नाही दिलं, त्या याच.”

डॉक्टर हर्षा गयाबाईंकडे वळल्या. “मावशी, तुमच्या माहेरी कुणी असं धाप लागून गेलं होतं? तरुणपणी?”

गयाबाईंचे ओठ हलले. भाऊ गिट्टीवर बसला होता... आणि त्याच्या आधी, फार आधी, आई! सुजलेल्या पायांची, भिंतीला टेकून बसून राहणारी, जिला सारं गाव कामचुकार म्हणायचं ती आई! “माझी माय...” त्या पुटपुटल्या. “माझा भाऊ...”

“म्हणजे हे तुमच्या माहेरचं आहे,” डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. “तुमच्या भावाकडून हिराताईंकडे आलं, आणि तुमच्याकडून दिपालीकडे. तुम्हाला स्वतःला त्रास झाला नाही, तसंही होतं. यात कुणाचा दोष नसतो. पण आता निर्णय हवाय. आम्हा सगळ्या डॉक्टरांचं मत आहे, की हे बाळ आत्ताच बाहेर काढावं. थांबलो तर आई जाईल. काढलं, तर बाळ फार लहान आहे, जगेल असं मी सांगू शकत नाही. दिपाली शुद्धीवर नाही. घरच्यांनी सांगायचंय.”

हेमराज भिंतीला कपाळ टेकून उभा होता. त्यानं होकाराची मान हलवली, पण त्याच्या आधीच गयाबाईंनी डॉक्टरांचे दोन्ही पाय धरले.

“माझी लेक वाचवा बाई! लेकराचं मरो काही बी... लेकरं होतील, नाही होतील, मले माझी पोरगी पायजे! तिले वाचवा!”

डॉक्टर आत निघून गेल्या. दार बंद झालं. आणि गयाबाईंनी बोललेलं ते वाक्य त्या बोळात तसंच उरलं. ते सगळ्यांनी ऐकलं होतं. सगळ्यांत उशिरा ते स्वतः गयाबाईंनी ऐकलं. त्यांची मान हळूहळू हिराकडे वळली. हिरा बाकावर बसली होती, डोळे मिटून, छातीवर हात ठेवून.

तेव्हा नरेश पुढे आला. “माय,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज तुटला, “तेव्हा बी असंच होतं. हिरा मरायले तयार होती. तिले लेकरू पायजे होतं. हो मी म्हटलं होतं, माय, मी! मीच तिले सांगितलं, तुझ्यावर घे म्हणून... मी भ्यालो तुले.”

गयाबाई बघतच राहिल्या. एवढी वर्षं! एवढे शब्द... पंगतीत, सणावारी, देवापुढे, लोकांपुढे! “तू... तू कावून नाही सांगितलं वो मले?” त्यांनी हिराला विचारलं, आणि त्यांचा आवाज एखाद्या भ्यालेल्या पोरीचा झाला होता.

हिरानं डोळे उघडले. “सांगितलं असतं तर तुमी ऐकलं असतं, आत्याबाई?” ती म्हणाली. “मी तर श्वास नाही पुरत म्हणून बी सांगत होती. थे तरी कुठं ऐकलं!”

गयाबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

दिपाली वाचली. तिचा मुलगा काचेच्या पेटीत, मूठभर अंगानं, थोडे दिवस झगडला आणि एका पहाटे निवला. हेमराजनं त्याला शिवनाथ नदीच्या काठी पुरलं. शुद्धीवर आलेल्या दिपालीला ते सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. तिच्या उशाशी बसून हिरानंच सांगितलं, कारण त्या दुःखाची वाट त्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होती. दिपाली किंचाळली नाही. तिनं वहिनीच्या मांडीत तोंड खुपसलं आणि दोघी दमेपर्यंत, श्वास अडेपर्यंत रडल्या.

दिपालीची सासू इस्पितळात आली ती तावातावानं. “हमें धोका दिया! और ये बीमारी तो इस भाभी की छाया से आई है, सब जानते हैं!” तिनं हिराकडे बोट केलं. हिरानं सवयीनं मान खाली घातली. पण गयाबाई उठून मधे उभ्या राहिल्या. “हिची छाया नाही,” त्या म्हणाल्या. हिंदीत बोलायला त्या एरवी लाजत. त्या दिवशी त्यांनी मराठीच तशी रेटली. “हे माझं रक्त आहे. माझ्या मायचं, माझ्या भावाचं, माझं! बोलायचं तर मले बोला. हिनं तर पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, अन् मी हिच्या थोबाडीत मारली होती.”

त्या सत्याची किंमत द्यावीच लागली. सासूनं दिपालीला घरात घ्यायला नकार दिला. हेमराजनं जुनवानीत एक खोली भाड्यानं घेतली आणि बायकोला तिथं नेलं; आईनं त्याच्याशी बोलणं सोडलं ते सोडलंच. गयाबाईंनी दंड पुढे करून आपलं रक्त तपासायला दिलं, नरेशनंही दिलं. गयाबाईंच्या रक्तात तो दोष निघाला, नरेशच्या नाही. पुढे त्या एकट्या आपल्या माहेरी गेल्या आणि चुलत भावांच्या दारोदार फिरून, शिव्या खाऊन, दोन तरण्या पोरींना तपासायला रायपूरला घेऊन आल्या. त्यांतल्या एकीचा रोग बरोबर वेळेवर सापडला.

अभ्यास संपला तेव्हा उन्हाळा लागला होता. डॉक्टर हर्षांनी सगळ्यांना बोलावलं. नवी गोळी उपयोगी ठरली होती. ज्यांना ती मिळाली त्यांचा दाब उतरला होता, आणि आता ती दिपालीला लगेच सुरू करायची होती. मग त्या हिराकडे वळल्या आणि त्यांचा आवाज खाली आला. “हिराताई, तुमच्या वाट्याला... रिकामी गोळी आली होती. आता तुम्हालाही खरी देणार आहोत. पण मधल्या काळात तुमचं हृदय बरंच थकलंय. दिपालीइतका फरक पडेल, असं मी खोटं सांगणार नाही.”

“खाली गोळी?” गयाबाई ताडकन उठल्या. “एवढे दिवस माझ्या पोरीले खाली गोळी चारली तुमी?”

माझ्या पोरीले! हिराच्या ओठांवर एक कडवट हसू उमटलं. केव्हा आठवलं यांना...

“बसा, आत्याबाई,” ती म्हणाली. “मले सांगूनच दिली होती. माझ्यासारख्या कितीकजणी खाली गोळीवर राहिल्या, म्हणून तर समजलं ना का दिपालीची गोळी खरी आहे.” शब्दाशब्दाला थांबत तिनं ते म्हटलं. दिपालीनं तिचा हात धरला, आणि तो किती थंड आहे हे जाणवून ती स्फुंदू लागली.

त्यानंतर हिराचं जगणं खोलीतल्या ऑक्सिजनच्या यंत्राशी बांधलं गेलं. नरेश सुट्टीच्या दिवशी तिच्या पायांशी बसून राही. बोलायला त्याच्याकडे काही नव्हतं, आणि ऐकायची तिला आता इच्छा नव्हती. भाजी निवडणं, धुणं, रांधणं, सगळं गयाबाई करत. त्यांच्या म्हाताऱ्या पायांचा आवाज दिवसभर घरात फिरत राही.

एका दुपारी हिरा खाटेवर बसून केस विंचरायचा प्रयत्न करत होती. हात डोक्यापर्यंत नेला की छाती भरून यायची. दोनदा फणी हातातून गळून पडली. गयाबाई दारात थबकल्या. मग आत येऊन त्यांनी फणी उचलली आणि खाटेच्या कडेवर, तिच्या मागे बसल्या.

“हिरा,” विंचरता विंचरता त्या म्हणाल्या, “मी तुझी आत्या होती. तुझ्या बापाच्या मढ्यावर हात ठेवून आणली होती तुले... मले माफ करशील का वो, पोरी?”

यंत्राचा एकसुरी आवाज चालू राहिला.

“नाही माहीत, आत्याबाई,” शेवटी ती म्हणाली. “रोज सकाळी वाटते, करून टाकावं माफ. मग दुपारपर्यंत सारं आठवते... अन् तेवढा दम नाही उरला माझ्यात, ना भांडायले, ना माफ करायले.”

गयाबाईंचे अश्रू हिराच्या मानेवर पडले. त्या उठून जायला निघाल्या. फणी खाली ठेवण्यासाठी त्यांचा हात वळला.

“गुंता तसाच राहिला,” हिरा म्हणाली.

गयाबाई पुन्हा बसल्या. त्यांनी एकेक बट सोडवायला घेतली. एका ठिकाणी फणी अडली, केस ओढले गेले.

“हळू,” हिरा म्हणाली, “दुखते...”

पण तिनं डोकं मागे ओढून घेतलं नाही.